मोंढ्यातल्या मशीनवर काय चालतं ते कॉन्फिगरेशन फाइलमध्येच लिहा

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत व्यापारी, जिनिंग, पतसंस्था, शाळा आणि शेतकऱ्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

लातूर-उदगीरच्या मोंढ्यातली आडत, मानवत-सेलूकडचं जिनिंग, वसमतची हळद, गावोगावची कृषी सेवा केंद्रं अशा सगळ्यांसाठी तुम्ही प्रोग्राम लिहिता. ते बसवण्याचं आणि अडले की पुन्हा चालू करण्याचं काम तालुक्याच्या ठिकाणी आम्ही करतो. आमची मागणी एकच आहे. तुमचा प्रोग्राम कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, तिच्या कोणत्या आवृत्तीपासून, ३२ बिटवर की ६४ बिटवर आणि कोणत्या प्रोसेसरवर चालतो, हे कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या अटी नोंदवणाऱ्या फाइलमध्ये लिहा. आणि ते अशा जागी लिहा, की चुकीच्या मशीनवर प्रोग्राम बसायलाच नको म्हणेल.

माहितीपत्रकावर ‘सर्व विंडोजवर चालते’ एवढं छापून भागत नाही. बसवतानाच नकार मिळाला तर दहा मिनिटं जातात आणि दुसरं मशीन शोधता येतं. पण प्रोग्राम बसला, उघडला, चार दिवस पावत्याही निघाल्या आणि ऐन आवकेत काट्याचं वजन स्क्रीनवर येईना, तर तोपर्यंत जुना प्रोग्राम काढून टाकलेला असतो, डेटा नव्या रचनेत गेलेला असतो आणि बाहेर कट्टे भरलेल्या गाड्या उभ्या असतात.

काउंटरवर कसली मशीन असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवला, पण मशीन चालू आहे आणि पट्टी निघते आहे म्हणून ते कुणी हलवत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे ऐन सोयाबीनच्या दिवसांत संपला. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालीच नाही, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या जुन्या मशीनवर तिचं सेटअप अडतं. त्यामुळे ही मशीन उद्या सकाळी बदलतील असं धरून चालू नका.

तुमच्या हातातली साधनं मात्र पुढे निघून गेली आहेत. विंडोज ७ वर चालणारी पायथनची शेवटची आवृत्ती ३.८, ३.१३ ला तर किमान विंडोज १० लागतं. गो भाषेची १.२० विंडोज ७ वर चालते, १.२१ पासून विंडोज १० हवं. डेस्कटॉप प्रोग्राम बनवण्याच्या इलेक्ट्रॉन या साधनाने २३ व्या आवृत्तीपासून विंडोज ७, ८ आणि ८.१ तिन्ही सोडले. क्रोमची या तिन्हींवरची शेवटची आवृत्ती १०९, म्हणजे वेबवरचा प्रोग्राम असला तरी सुटका नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट ८ ला विंडोज १० ची १६०७ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. यातलं एखादं साधन अपडेट केलं की तुमच्या स्वतःच्या कोडची एक ओळही न बदलता निम्मा मोंढा बाहेर पडू शकतो. म्हणून ज्या कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या नोंदलेल्या बदलात, साधनाची आवृत्ती वाढवाल, त्याच कमिटमध्ये किमान प्लॅटफॉर्मची ओळही बदला. पुढच्या आठवड्यावर ढकललेली ती ओळ पुढच्या हंगामापर्यंत राहून जाते.

आता मुख्य मुद्दा. कॉन्फिगरेशन फाइलमधल्या काही ओळी कुलूप असतात आणि काही नुसत्या पाट्या. पाटी लिहून कुलूप लावल्याचं समाधान मानलं जातं, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या पॅकेज डॉट जेसन फाइलमध्ये ‘ओएस’ आणि ‘सीपीयू’ अशा दोन याद्या देता येतात. ही खरी कुलपं आहेत. यादीत न बसणाऱ्या मशीनवर एनपीएम (नोडची पॅकेजं बसवणारं साधन) ‘ईबॅडप्लॅटफॉर्म’ ही चूक दाखवून थांबतं. पण ‘फोर्स’ लावून ते उघडता येतं, आणि आमच्याकडे घाईत तेच केलं जातं, हे लक्षात असू द्या. नावं नोडला कळतात तीच द्यावी लागतात: विंडोजसाठी ‘विन३२’, लिनक्ससाठी ‘लिनक्स’, मॅकसाठी ‘डार्विन’. विंडोज ६४ बिटचं असलं तरी नोड स्वतःला ‘विन३२’वरच आहे असं सांगतो. यादीत ‘विन६४’ लिहिलं तर ते कोणत्याच मशीनशी जुळत नाही आणि पॅकेज सगळीकडे अडतं. बिट ठरवायचे ते ‘सीपीयू’मध्ये: ६४ साठी ‘एक्स६४’, ३२ साठी ‘आयए३२’. एखादा प्लॅटफॉर्म फक्त वगळायचा असेल तर नावाआधी उद्गारचिन्ह लावतात.

त्याच फाइलमधली ‘इंजिन्स’ ही ओळ मात्र पाटी आहे. नोड १८ किंवा पुढचा हवा असं तिथे लिहिलं आणि मशीनवर १६ असला, तर एनपीएम पिवळ्या अक्षरांत इशारा देतं आणि काम पुढे नेतं. तिचं कुलूप करायचं तर प्रकल्पाच्या डॉट एनपीएमआरसी फाइलमध्ये ‘इंजिन-स्ट्रिक्ट’ चालू करावं लागतं. हे एका ओळीचं काम आहे, कृपा करून ते करा.

‘ऑप्शनल डिपेंडन्सीज’मध्ये, म्हणजे ऐच्छिक पॅकेजांच्या यादीत, उलटा धोका आहे. तिथल्या पॅकेजचा प्लॅटफॉर्म जुळला नाही तर एनपीएम ते गुपचूप वगळतं आणि चूक म्हणून काहीच सांगत नाही. प्रिंटरचा किंवा सिरियल पोर्टचा मोड्यूल तिथे ठेवला असेल, तर प्रोग्राम सुरळीत बसतो आणि पहिली पावती छापताना कोसळतो. ज्याच्याशिवाय धंदा चालत नाही ते पॅकेज ऐच्छिक यादीत ठेवू नका. विविध प्लॅटफॉर्मच्या तयार फाइली याच पद्धतीने वाटायच्या असतील, तर प्रोग्राम सुरू होताच तो मोड्यूल खरोखर आला आहे का ते तपासा आणि नसेल तर तिथेच थांबा.

आणखी एक. इंटरनेट धड नसतं म्हणून ‘नोड मोड्यूल्स’चा अख्खा फोल्डर लिनक्स किंवा मॅकवरून पेनड्राइव्हने विंडोजवर आणला जातो. त्यातले नेटिव्ह मोड्यूल त्या त्या प्लॅटफॉर्मसाठी बनलेले असतात, ते विंडोजवर उघडत नाहीत. नव्या एनपीएममध्ये इन्स्टॉल करताना ‘ओएस’ आणि ‘सीपीयू’ हे पर्याय देऊन दुसऱ्या प्लॅटफॉर्मची पॅकेजं उतरवता येतात. पण बसवताना कंपाइल होणारं, म्हणजे मूळ कोडपासून तिथेच तयार होणारं पॅकेज असेल तर ते तुमच्याच मशीनसाठी कंपाइल होईल. सरळ मार्ग म्हणजे वाटपाचा फोल्डर विंडोजवरच तयार करणं.

पायथनमध्ये पायप्रोजेक्ट डॉट टॉमल फाइलमधली ‘रिक्वायर्स-पायथन’ ही ओळ कुलूप आहे. पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन, ती पाळतो. मात्र पिप नुसता नकार देऊन थांबत नाही, त्या जुन्या पायथनवर चालणारी तुमच्या पॅकेजची आधीची आवृत्ती शोधतो आणि मिळाली तर ती बसवतो. म्हणजे गिऱ्हाईक नवी आवृत्ती आली समजून वर्षापूर्वीचीच वापरत राहू शकतं. यावर उपाय सोपा आहे: प्रोग्रामच्या पहिल्याच स्क्रीनवर आवृत्ती क्रमांक ठळक दाखवा. ऑपरेटिंग सिस्टिम सांगणारे ‘क्लासिफायर’ मात्र निव्वळ पाटी आहेत. ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज’ असं तिथे लिहिलं तरी लिनक्सवर पिप काही विचारत नाही.

पायथनमध्ये प्लॅटफॉर्म खऱ्या अर्थाने ठरतो तो व्हील, म्हणजे तयार पॅकेजच्या, फाइलच्या नावातल्या शेवटच्या तुकड्यावर. ‘विन_एएमडी६४’ म्हणजे ६४ बिट विंडोज, ‘विन३२’ म्हणजे खरोखर ३२ बिट, आणि ‘एनी’ म्हणजे कुठेही. इथल्या ‘विन३२’चा अर्थ नोडमधल्यापेक्षा वेगळा आहे, आणि पायथनच्याच ‘सिस प्लॅटफॉर्म’मध्ये तर ६४ बिट विंडोजवरही ‘विन३२’च येतं. बिट तपासायला ते वापरू नका. जुळणारं व्हील मिळालं नाही की पिप मूळ कोड उतरवून कंपाइल करू पाहतो आणि ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० लागेल’ असं सांगून थांबतो. आडतीच्या काउंटरवर काही जीबीचे बिल्ड टूल्स कुणी उतरवणार नाही. तेव्हा ‘पिप डाउनलोड’ला प्लॅटफॉर्म, पायथनची आवृत्ती आणि ‘ओन्ली-बायनरी’ हे तिन्ही पर्याय देऊन सगळी व्हील एका फोल्डरमध्ये आधीच जमवा. मशीनवर ‘नो-इंडेक्स’ आणि ‘फाइंड-लिंक्स’ने त्याच फोल्डरमधून बसवा. हे लिनक्सवर बसून विंडोजसाठी कराल तर एक खाच आहे: ‘फक्त विंडोजवर लागणारं पॅकेज’ अशा अटी पिप समोरच्या, म्हणजे लिनक्स मशीनवरच तपासतो आणि ती पॅकेजं गळतात. हेही विंडोजवरच करा.

अ‍ॅप बनवण्याच्या फ्लटर या साधनाच्या पबस्पेक फाइलमध्ये ‘प्लॅटफॉर्म्स’ लिहितात, तीही पाटीच. पॅकेजच्या पानावर कोणते प्लॅटफॉर्म दाखवायचे एवढंच ती ठरवते.

वरच्या कोणत्याही फाइलला विंडोज ७ आणि विंडोज १० यांतला फरक कळत नाही. तिला फक्त ‘विंडोज’ कळतं. म्हणून आवृत्तीचं कुलूप इन्स्टॉलरमध्येच लागतं. इनो सेटअप वापरत असाल तर ‘मिनव्हर्जन’ ही ओळ द्या: विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ साठी ६.१एसपी१, विंडोज १० साठी १०.०, आणि ठरावीक बिल्डपासून पुढे हवं असेल तर तो बिल्ड क्रमांकही जोडा. बिटसाठी ‘आर्किटेक्चर्सअलाउड’ आहे. नकाराचा मूळ संदेश इंग्रजीत येतो. तो मेसेजेस विभागात मराठीत लिहा, आणि ‘हे मशीन चालणार नाही’ एवढंच न लिहिता काय हवं तेही लिहा: ‘या प्रोग्रामला ६४ बिट विंडोज १० लागते. तुमचे मशीन ३२ बिट आहे.’ असा संदेश दिसला की दुकानातला मुलगा फोनवर तो वाचून दाखवतो आणि आम्हाला काम कळतं.

प्रोग्राम सुरू झाल्यावर आतून आवृत्ती तपासत असाल तर दोन गोष्टी पाहा. एक, विंडोज ११ स्वतःला १०.० च म्हणवते; फरक बिल्ड क्रमांकात आहे, २२००० पासून पुढे ११. दुसरी, प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (त्याची माहिती विंडोजला देणाऱ्या फाइलमध्ये) ‘सपोर्टेडओएस’च्या नोंदी नसतील तर जुन्या पद्धतीने आवृत्ती विचारल्यावर विंडोज १० सुद्धा ६.२, म्हणजे विंडोज ८ असल्याचं सांगते. मग किमान विंडोज १० ची अट घातलेला प्रोग्राम विंडोज १० वरच अडून बसतो.

आता काट्याकडे येऊ, कारण तक्रारी सर्वांत जास्त तिथून येतात. बऱ्याच वजनकाट्यांबरोबर आणि अंगठ्याच्या ठशाच्या यंत्रांबरोबर यंत्राशी बोलणारा तयार कोड असलेली एक डीएलएल फाइल मिळते आणि ती ३२ बिटची असते. ६४ बिटची प्रोसेस ३२ बिटची डीएलएल लोड करूच शकत नाही. विंडोज ६४ बिटचं असल्याने बिघडत नाही. प्रोग्राम ३२ बिटचा असला की तो ६४ बिट विंडोजवर ती डीएलएल नीट वापरतो. अडचण येते ती डॉटनेटमध्ये ‘एनीसीपीयू’, म्हणजे किती बिटचं चालायचं ते मशीनवर सोडणारा पर्याय, ठेवल्यावर. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कच्या प्रकल्पांत ‘प्रिफर ३२ बिट’ हा पर्याय बहुधा आपोआप चालू असायचा, त्यामुळे वर्षानुवर्षं सगळं जुळत होतं. तोच प्रोग्राम डॉटनेट ८ वर नेला की तो ६४ बिट विंडोजवर ६४ बिटचा होऊन चालतो आणि काट्याशी बोलायच्या क्षणी ‘इनकरेक्ट फॉरमॅट’, शेवटी ८००७०००बी, अशी चूक येते. पायथनमध्ये हीच गोष्ट ‘विनएरर १९३’ म्हणून दिसते. दुकानदाराला वाटतं काटा बिघडला, आणि तो काटेवाल्याला बोलावतो.

काम हाती घेतानाच डीएलएल किती बिटची आहे ते पाहा. व्हिज्युअल स्टुडिओच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डम्पबिन’ला ‘हेडर्स’ पर्याय देऊन ती फाइल द्या. मशीनच्या ओळीत १४सी दिसलं तर ३२ बिट, ८६६४ दिसलं तर ६४ बिट. ३२ असेल तर प्रकल्पाच्या फाइलमध्ये ‘प्लॅटफॉर्मटार्गेट’ला ‘एक्स८६’ आणि ‘रनटाइमआयडेंटिफायर’ला ‘विन-एक्स८६’ लिहा, ‘एनीसीपीयू’वर सोडू नका. बाकी प्रोग्राम ६४ बिटचाच ठेवणं भाग असेल, तर काट्याशी बोलणारा एक छोटा वेगळा ३२ बिट प्रोग्राम करा आणि दोघांना पाइपने किंवा त्याच मशीनवरच्या पोर्टने जोडा.

त्याहून चांगलं म्हणजे डीएलएल लागतेच का ते विचारा. अनेक काटे आरएस-२३२ या सिरियल केबलवरून साधा मजकूर पाठवतात. तो थेट कॉम पोर्टवरून वाचला की बिटचा प्रश्नच उरत नाही. ९६०० चा वेग, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशी जुळणी पुष्कळदा असते, पण काट्यागणिक ती बदलते, तेव्हा हे आकडे कोडमध्ये न ठेवता सेटिंगमध्ये ठेवा. थेट क्रिएटफाइलने पोर्ट उघडत असाल तर कॉम१० आणि त्यापुढच्या पोर्टांना आधी ‘\\.\’ लावावं लागतं. केबल एका यूएसबीतून दुसऱ्यात घातली की पोर्टचा क्रमांक बरेचदा वाढतो, आणि नऊच्या पुढे गेला की प्रोग्राम अचानक ‘पोर्ट नाही’ म्हणायला लागतो.

डीएलएलसारखी सूट ड्रायव्हरला नाही. ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर कोणत्याही युक्तीने बसत नाही. काही जुन्या यूएसबी-सिरियल चिपना नव्या विंडोजवर चालणारा ड्रायव्हर मिळतच नाही. म्हणून प्लॅटफॉर्म लिहिताना तुमचा प्रोग्राम आणि त्याला जोडलेलं यंत्र, दोन्ही ज्यावर चालतात तेवढंच लिहा.

शेतकऱ्याच्या हातातल्या मोबाइलवरही हेच प्रश्न आहेत. ‘मिनएसडीके’, म्हणजे अँड्रॉइडची किमान आवृत्ती सांगणारा आकडा, हे कुलूप आहे: २१ म्हणजे अँड्रॉइड ५, २४ म्हणजे ७, २६ म्हणजे ८. लायब्ररीने मागितलं म्हणून आकडा वाढवताना किती फोन बाहेर पडतात ते प्ले कन्सोलमध्ये आधी बघा. ‘टार्गेटएसडीके’, म्हणजे अ‍ॅप ज्या आवृत्तीसाठी बनवलं तिचा आकडा, ही जुन्या फोनसाठीची अट नाही, पण तो फार खाली ठेवला तर नवे फोन नाकारतात. अँड्रॉइड १४ वर २३ पेक्षा कमी टार्गेट असलेलं अ‍ॅप बसत नाही.

स्वस्त फोनमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा आणि वरची अँड्रॉइड ३२ बिटची, असं बरेचदा असतं. तिथे ‘आर्म६४-व्ही८ए’चं अ‍ॅप बसत नाही, ‘आर्मइएबीआय-व्ही७ए’चंच लागतं. प्ले स्टोअर योग्य तुकडा निवडून देतं. पण आपल्याकडे एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, आणि फ्लटरने प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळं करून बनवलेल्या फाइलींतली एकच ग्रुपवर पडते. ती न बसलेल्या फोनवर नुसतं ‘अ‍ॅप इन्स्टॉल झालं नाही’ एवढंच दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायचं असेल तर सर्व प्रोसेसरांचं एकत्र एपीके द्या, आकार वाढला तरी चालेल. शिवाय कॅमेऱ्याची परवानगी मागितली की प्ले स्टोअर कॅमेरा आणि ऑटोफोकस सक्तीचे धरतं, आणि ऑटोफोकस नसलेल्या स्वस्त टॅबवर अ‍ॅप दिसतच नाही. क्यूआर कोड ही फक्त सोय असेल तर मॅनिफेस्टमधल्या ‘युजेस-फीचर’मध्ये या दोन्हींना ‘रिक्वायर्ड’ समोर ‘फॉल्स’ लिहा.

शाळांसाठी लिनक्सवर देत असाल तर जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची आवृत्ती लिहा. उबंटू २०.०४ वर ती २.३१ आहे, २२.०४ वर २.३५. नव्यावर कंपाइल केलेला प्रोग्राम जुन्यावर ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ अशा चुकीने थांबतो. जी सर्वांत जुनी आवृत्ती चालवायची तिच्यावर कंपाइल करा. सी-डॅकची बॉस लिनक्स डेबियनवर उभी आहे, तिलाही हाच नियम लागू होतो.

जे मशीनवर चालवून पाहिलं नाही ते यादीत लिहू नका. चालवून पाहणं म्हणजे नुसतं उघडून पाहणं नाही. ज्या विंडोजचं नाव लिहाल, त्या नव्या कोऱ्या विंडोजवर, तुमची बिल्ड टूल्स नसताना, प्रोग्राम बसवा, काट्याचं वजन घ्या, डॉट मॅट्रिक्सवर मराठी नावाची एक पावती छापा, मधेच वीज घालवून मशीन पुन्हा सुरू करा आणि बॅकअप परत घेऊन पाहा. तुमच्या लॅपटॉपवर आधीच असलेली व्हिज्युअल सी प्लस प्लसची रनटाइम फाइल काउंटरवर नसते, आणि हे कोऱ्या मशीनवरच कळतं. विंडोज ७ किंवा ३२ बिटवर तपासायला मशीन लागलं तर मागा, आमच्याकडे अशी पडून आहेत.

विंडोज ७ सोडायचं ठरवलंत तर त्यात चूक नाही. सुरक्षेचे अपडेट नसलेल्या मशीनवर पतसंस्थेचा हिशेब ठेवणं धोक्याचंच आहे आणि आम्हीही गिऱ्हाइकाला तेच सांगतो. फक्त ते एक हंगाम आधी सांगा, म्हणजे तुरीची आवक सरल्यावर, उन्हाळ्यात, मशीन बदलता येतील. अनेकदा सेटिंगमध्ये सिस्टिमच्या माहितीत ‘३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर’ असं दिसतं. अशा ठिकाणी मशीन बदलायची गरज नसते. डेटा काढून ६४ बिट विंडोज नव्याने टाकली आणि रॅम वाढवली की काम होतं. पण ३२ वरून ६४ वर जागच्या जागी अपग्रेड होत नाही, सगळं नव्याने बसवावं लागतं. त्यासाठी गिऱ्हाइकाकडून एक मोकळा दिवस आम्हाला मिळवावा लागतो.

आणि जी शेवटची आवृत्ती जुन्या विंडोजवर चालते तिचा इन्स्टॉलर डाउनलोडच्या जागेवरून काढू नका. फाइलच्या नावातच ‘विन७-३२बिट-शेवटची’ असं लिहा, शेजारी तिचा एसएचए-२५६ (फाइल जशीच्या तशी आहे का ते तपासायचा क्रमांक) द्या, आणि तिच्या अपडेट तपासण्याच्या फाइलमध्ये किमान प्लॅटफॉर्म नोंदवा, म्हणजे ती स्वतःहून नवी आवृत्ती ओढून बंद पडणार नाही. हा शेवटचा भाग राहिला तर वर लिहिलेलं सगळं करूनही, एका रात्री आपोआप आलेल्या अपडेटने सकाळी काटा बंद मिळतो.

आपले,
तालुक्या-तालुक्यांत संगणक बसवणारे आणि दुरुस्त करणारे